फोल्डर डोळ्यांसमोर, तरी पायथन म्हणतो फाइलच नाही

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची जुनी कागदपत्रं स्कॅन झाली ती वेगवेगळ्या हातांनी. निमंत्रणपत्रिका, वक्त्यांची पत्रं, जमाखर्चाच्या वह्यांची पानं, वर्तमानपत्रांतली कात्रणं. ज्याने त्याने आपल्या सवयीने नावं दिली. कुणाचं नुसतं 'स्कॅन १', 'स्कॅन २'. कुणाची व्हॉट्सॲपवरून आलेली लांबलचक तारखांची नावं. कुणी तर व्याख्यानाचं अख्खं शीर्षकच मराठीत टंकलेलं. 'नवीन फोल्डर'मध्ये आणखी एक 'नवीन फोल्डर', त्यात 'फायनल', आणि त्याच्या शेजारी 'फायनल खरं'. हे सगळं एका पेनड्राइव्हवर माझ्याकडे आलं, कारण मी बँकेतून निवृत्त झालेली आणि "तुम्हाला कॉम्प्युटर येतो".

मागणी साधी होती. नावं एका साच्यात हवीत: वर्ष, प्रकार, क्रमांक. वर्षवार फोल्डर हवीत. आणि सगळ्याची एक यादी, एक्सेलमध्ये उघडेल अशी. विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून एफ-टू दाबलं की सगळ्यांना एकच नाव मिळतं आणि पुढे कंसात आकडे लागतात, पण त्यात जुन्या नावातली माहिती जाते, आणि आम्हाला तर तीच हवी होती. पुण्याचा भाचा म्हणाला, "आत्या, पायथन शीक थोडं. वीसेक ओळींचं काम आहे गं." पायथन ही कॉम्प्युटरला आज्ञा लिहून द्यायची एक भाषा, आणि त्या आज्ञांची फाइल म्हणजे स्क्रिप्ट. ओळी साधारण तेवढ्याच भरल्या. तिथपर्यंत पोचायला मात्र सबंध उन्हाळा गेला.

लूप, अट, यादी हे प्रकार अवघड गेले नाहीत. आयुष्यभर व्याजाची कोष्टकं मांडलेल्या बाईला त्यात परकं काय वाटणार? अडलं ते फायलींपाशी. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये फळांच्या याद्या असतात, सम-विषम आकडे असतात. खऱ्या फोल्डरला हात लावायची वेळ आली की शिकवणारा दोन मिनिटांत पुढे सरकतो.

पहिली भिंत म्हणजे 'फाइल नॉट फाउंड एरर'. फाइल समोर दिसत होती, नाव अक्षरन् अक्षर तेच होतं, स्क्रिप्टही त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली. तरी पायथनचं एकच पालुपद. नुसतं नाव दिलं की पायथन ते शोधतो 'करंट वर्किंग डिरेक्टरी'त, म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये उभा राहून सुरू झाला तिथे. स्क्रिप्ट कुठे साठवली आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. 'डावीकडे तिसरं घर' हा पत्ता जसा रिक्षा कुठे उभी आहे त्यावर ठरतो, तसंच हे. मी व्हीएस कोड या स्क्रिप्ट लिहायच्या प्रोग्राममध्ये वरचं मोठं फोल्डर उघडून स्क्रिप्ट चालवत होते, त्यामुळे पायथन एक मजला वर उभा राहून शोधत होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ 'मी आत्ता कुठे आहे' हे छापून दाखवते. पाथलिब या पायथनच्या, पत्ते हाताळायच्या आज्ञांच्या संचात त्यासाठी एक छोटी आज्ञा आहे, सीडब्ल्यूडी. नव्याने शिकणाऱ्याला सगळ्यात आधी हीच शिकवायला हवी, असं माझं ठाम मत झालं आहे.

मग पूर्ण पत्ता द्यायचं ठरवलं, तर बॅकस्लॅशने धरलं. विंडोजमधला पत्ता एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतून उचलून स्क्रिप्टमध्ये चिकटवला की सी ड्राइव्हनंतर बॅकस्लॅश आणि 'यूजर्स' येतं. पायथनच्या लेखी बॅकस्लॅश आणि पुढचा कॅपिटल यू म्हणजे युनिकोडमधल्या, अर्थात सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतल्या, अक्षराच्या क्रमांकाची सुरुवात. पुढे आठ आकडे सापडत नाहीत म्हणून तो स्क्रिप्ट सुरूच करत नाही. ही एरर निदान तोंडावर येते. बॅकस्लॅशनंतर छोटा टी आला तर तो मुकाट्याने टॅब होतो, छोटा एन आला तर नवी ओळ, आणि पत्ता आतल्या आत बिघडतो. उपाय दोन: अवतरणचिन्हाआधी आर हे अक्षर लावायचं, किंवा सरळ पुढे झुकलेला स्लॅश वापरायचा. विंडोजवर पायथनला तोही चालतो. ही उलटी रेघ आली कुठून, याचं मला कुतूहल होतं. एमएस-डॉसमध्ये फोल्डर आले १९८३ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत. तोवर पुढे झुकलेला स्लॅश आज्ञांचे पर्याय लिहायला वापरून झाला होता. म्हणून फोल्डरच्या वाट्याला उलटा आला, आणि चाळीस वर्षांनी मला आडवा आला.

तिसरी गोष्ट छोटी आहे, पण जवळजवळ प्रत्येकाला नडते. ओएस या पायथनच्या दुसऱ्या संचातली लिस्टडिर ही आज्ञा फोल्डरमधली नुसती नावं देते, पत्त्याशिवाय. ती नावं घेऊन फाइल उघडायला गेलं की पुन्हा तेच 'नॉट फाउंड'. फोल्डरचा पत्ता आणि नाव आपण जोडायचं. पाथलिब आलं २०१४ मध्ये, पायथन ३.४ बरोबर. त्यातली इटरडिर फोल्डरचा पत्ता जोडूनच देते, म्हणून मी पुढे सगळं पाथलिबमध्येच केलं.

हळूहळू लक्षात आलं की एक्सप्लोरर आपल्याला जे दाखवतो ते डिस्कवर आहे तसं नसतं. नेहमीची एक्स्टेंशन तो झाकून ठेवतो, त्यामुळे 'पत्र.जेपीजी' दिसणारी फाइल प्रत्यक्षात 'पत्र.जेपीजी.जेपीजी' निघाली. लपवलेल्या 'थंब्स.डीबी' फायली यादीत उगवल्या. आणि क्रम! एक्सप्लोरर आकडे ओळखून २ नंतर ३ दाखवतो. पायथनची सॉर्ट अक्षरं बघते, म्हणून 'स्कॅन १०' हे 'स्कॅन २'च्या आधी. जमाखर्चाच्या वहीची पानं त्या क्रमाने लागली असती तर हिशेब कुणाला लागला नसता. म्हणून नावातून आकडा वेगळा काढायचा, खऱ्या संख्येत बदलायचा, त्यावर क्रम लावायचा आणि नवं नाव देताना पुढे शून्यं भरून ००२, ०१० असं करायचं. इथे एक सुखद धक्का बसला: काहींनी आकडे देवनागरीत लिहिले होते आणि मी ते बदलायला कोष्टक करायला बसले, तर पायथनच्या इंट या आज्ञेला '१२' हे देवनागरीतलं बारा थेट कळतं. नावातले आकडे शोधण्याचा नमुनाही देवनागरी आकडे ओळखतो.

नावं बदलण्याआधी मात्र भाच्याने शपथ घातली होती. "आधी फक्त छापायचं. जुनं नाव, बाण, नवं नाव. बदलायचं नाही काही." बँकेत मेकर-चेकर असतो, एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, तसलं हे, मला पटलं. शिवाय पायथनने फाइल पुसली की ती रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. नाव बदलताना त्या नावाची फाइल आधीच असेल तर विंडोजवर पायथन थांबतो आणि एरर देतो. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, तीच आज्ञा जुन्या फाइलवर मुकाट नवी बसवते. भाच्याने २०११ चा किस्साही सांगितला. बंबलबी नावाच्या लिनक्सवरच्या प्रकल्पात इन्स्टॉल करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या आज्ञेत, पत्त्याच्या मध्ये एक जादा स्पेस पडली होती. एक पत्ता फुटून दोन झाले, आणि पहिला निघाला सिस्टिमचा अख्खा यूएसआर फोल्डर. एका स्पेसने लोकांच्या मशीन आडव्या झाल्या. मी आधी सगळ्या पेनड्राइव्हची नक्कल काढली आणि काम नकलेवरच केलं.

आता खरी गंमत. छापून बघताना यादीत एकच नाव दोनदा आलं: 'शेतकऱ्यांचा मेळावा'. एकाच फोल्डरमध्ये, त्याच एक्स्टेंशनसह. विंडोज एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली राहू देत नाही, हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक. मी डोळे पुसून बघितलं, अक्षर मोठं करून बघितलं. काही फरक नाही. मग पायथनला दोन्ही नावांची लांबी विचारली, तर एक अक्षर कमी-जास्त.

पायथन आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. 'मराठी' आपल्याला तीन अक्षरं. त्याच्या लेखी पाच, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. तसंच नाव सुटं करून प्रत्येकाचा युनिकोड क्रमांक छापला तेव्हा उलगडा झाला. आपला हा 'ऱ्या'तला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, मुळातच वेगळं असलेलं ऱ हे अक्षर, जे इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट धरून मिळतं, आणि त्याला हलन्त. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडणारा, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एकाने एका कीबोर्डवर टंकलं, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि शेतकरी दोन झाले. वाऱ्या, सुऱ्या, दऱ्या, कामकऱ्यांची सभा, जिथे जिथे हा र तिथे तिथे शोध अर्धवटच लागणार.

युनिकोडमध्ये 'नॉर्मलायझेशन' नावाची सोय आहे. मी आनंदाने ती लावली. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ तिने एकजीव केला. पण जॉइनरवाल्या तऱ्हेला ती हातही लावत नाही, आणि 'ॲ'लाही नाही. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ मध्ये. त्याआधी अ वर चंद्र ठेवून काम भागवलं जाई, आणि आजही कित्येक कीबोर्ड तेच करतात. आमच्या वक्त्यांत वकील पुष्कळ, म्हणजे 'ॲड.' हे दोन प्रकारांनी जागोजागी. शेवटी दोन ओळी हाताने लिहिल्या: र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त, अ-चंद्र दिसलं की ॲ. त्या वीस ओळींतल्या मला सगळ्यात प्रिय याच दोन. कुठल्याही व्हिडिओत त्या सापडणार नाहीत. मराठी नावांच्या फायली सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मात्र कधीतरी लागतील.

यादीचं काम त्यामानाने सरळ गेलं. फाइल लिहिताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइट्समध्ये कशी साठवायची ते, सांगितलं नाही तर माझ्या विंडोजवरचा पायथन जुनं पाश्चात्त्य कोडपेज धरायचा आणि पहिल्याच मराठी अक्षराला 'चारमॅप' अशी एरर देऊन अडायचा. यूटीएफ-८ हे युनिकोडचं नेहमीचं एन्कोडिंग सांगितलं की लिहून होई, पण एक्सेल उघडताना युरोपीय अक्षरांची माळ दिसे. यूटीएफ-८-सिग असं लिहिलं, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ची खूण पडते, आणि एक्सेल शहाणा झाला.

सगळं जमल्यावर एक प्रत भाच्याच्या उबुंटूवर, म्हणजे लिनक्सवर, ठेवायची होती, तर काही फायली जाईनात: 'फाइल नेम टू लाँग'. विंडोजवर तर त्या सुखाने नांदत होत्या. लिनक्सवर नावाची मर्यादा २५५ बाइट्सची, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स खातं. म्हणजे काना-मात्रा धरून पंच्याऐंशी चिन्हांत नाव संपलं पाहिजे. पूर्वीचे आयोजक व्याख्यानाचं शीर्षक ठेवताना हा विचार करत नसत. मूळ शीर्षकं यादीत एका स्तंभात ठेवली आणि फायलींना आखूड नावं दिली.

एवढ्यावरही काही निमंत्रणपत्रिका 'तपासायचे' या फोल्डरमध्ये उरल्या आहेत. त्यांवर वर्ष आहे ते शकात. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन, ही ओळ लिहायला क्षण लागला. पण ती चालते चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत. पुढे फाल्गुनापर्यंत एकोणऐंशी मिळवावे लागतात. शके १८७९ चा पौष १९५७ मध्ये सुरू होऊन १९५८ मध्ये संपला, आणि आमची व्याख्यानमाला नेमकी पौषातच भरायची. तिथी बघून तारीख लावायचं काम वाचनालयाच्या जुन्या चिटणीसकाकांनी घेतलं आहे. ते कागदावर लिहून देतात, मी यादीत भरते, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवते.