मिनेसोटाच्या थंडीत द्राक्षाची पहिली दोन वर्षे

आमच्या अथणी तालुक्यात कडाक्याची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येणे. तेवढ्यानेही मण्यांची फुगवण मंदावते, हिरवे मणी गुलाबी पडण्याची तक्रार सुरू होते आणि बागायतदार रात्री बागेला पाणी सोडतो. माझा पुतण्या मात्र अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो, जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरू शकतो. त्याने घरामागे 'फ्राँटेनॅक' जातीची काही रोपे लावली आणि मला फोनवर विचारले, "काका, वेलींना गोणपाट कधी गुंडाळू?"

गोणपाटाचा विचार नोव्हेंबरमध्ये करता येईल, पण वेल जगणार की मरणार हे बरेचसे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ठरते, असे मी त्याला सांगितले. हिरवी, कोवळी काडी पहिल्याच कडक गारठ्यात काळी पडते. जी काडी बुडापासून तपकिरी होत गेली, जिच्यावर साल धरली आणि जिच्यात पिष्टमय अन्न साठले, तीच गोठणबिंदूच्या खाली तग धरते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावरची, नव्या काड्या घेण्यासाठीची छाटणी) काडी पिकावी म्हणून आपण नत्र आवरतो, पालाश वाढवतो आणि शेंडा मारतो. तिकडेही तत्त्व हेच आहे, फरक इतकाच की तिथे काडी पिकली नाही तर घडच काय, वेलच राहत नाही. म्हणून जुलैनंतर नत्र पूर्ण बंद करावे, ऑगस्टपासून पाणी हळूहळू कमी करावे आणि रोपाभोवती प्लॅस्टिकची नळी बसवली असेल तर ती वेळीच काढावी, कारण नळीतल्या उबेमुळे वाढ थांबत नाही. पहिली दोन वर्षे आलेले घडही खुडून टाकावेत. आपल्याकडे दुसऱ्याच वर्षी माल धरण्याची घाई असते, पण घड पोसणाऱ्या कोवळ्या वेलीकडे काडी पिकवायला अन्न उरत नाही.

जातीची निवड त्याने योग्य केली होती. मिनेसोटा विद्यापीठाने 1996 मध्ये प्रसारित केलेल्या फ्राँटेनॅकमध्ये नदीकाठच्या अमेरिकन रानद्राक्षाचे रक्त आहे आणि काटकपणा त्या रानवेलीकडून आला आहे. आपली थॉमसन ही बिनबियांची जात तिथे उघड्यावर एक हिवाळाही काढणार नाही. चीनच्या निंगशिया प्रदेशात युरोपीय जाती घेणारे शेतकरी दर शरद ऋतूत छाटलेल्या वेली आडव्या करून मातीत पुरतात आणि वसंतात पुन्हा उकरून तारेवर चढवतात. मजुरीचा विचार केला तरी धडकी भरते.

काटक जातीलाही पहिल्या हिवाळ्यात मातीची भर हवी, कारण मुळे काडीइतकी थंडी सोसत नाहीत. पाने गळून गेल्यावर, जमीन गोठण्यापूर्वी एकदा भरपूर पाणी द्यावे, कारण ओल्या मातीपेक्षा कोरड्या मातीत गारठा लवकर आणि खोल शिरतो. मग बुडाभोवती फूटभर उंच माती चढवावी. रोप कलमी असेल तर कलमाचा सांधा या ढिगाखाली गेलाच पाहिजे. वरचा भाग मेला आणि सांधाही गेला, तर वसंतात फुटतो तो खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधले ते खालचे झाड, जसा आपल्याकडे डॉगरिज जातीचा खुंट फुटतो. जमीन गोठल्यावर वरून पेंढ्याचा थर द्यावा (आपल्याकडे असते तर पाचट म्हटले असते), पण तो खोडाला भिडवू नये, कारण त्यात उंदीर घर करतात आणि साल कुरतडून खोडाभोवती कडेच पाडतात. पडलेला बर्फ झाडून काढू नये, त्यासारखे पांघरूण नाही. वसंतात ढीग मात्र वेळेवर काढावा, नाहीतर कलमाच्या सांध्यावरच मुळे फुटतात.

छाटणी शरदात करू नये, हिवाळा सरत आला की मार्चमध्ये करावी, आणि तीही डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटीच्या कळ्या, पाहून. आपण ऑक्टोबर छाटणीपूर्वी डोळ्यांत दडलेले सूक्ष्मघड पाहण्यासाठी काड्या प्रयोगशाळेत पाठवतो; पुतण्याला मात्र धारदार ब्लेड पुरते. घरात आणून एक-दोन दिवस उबेत ठेवलेल्या काडीचा डोळा आडवा कापला की आत एक मोठा आणि बाजूला दोन लहान असे तीन कोंब दिसतात. हिरवा असेल तो जिवंत, तपकिरी पडला असेल तो मेलेला. मधला मेला तरी बाजूच्या कोंबातून फूट येते, फक्त तिच्यावर घड कमी असतात, आणि कोवळ्या वेलीवर घड नकोच आहेत. निम्मे डोळे मेलेले आढळले तर नेहमीच्या दुप्पट डोळे राखून छाटावे. एकही हिरवा कोंब दिसला नाही तरी वेल लगेच उपटू नये. स्वतःच्या मुळांवर वाढलेली वेल असेल, तर जूनपर्यंत जमिनीलगतून त्याच जातीची फूट येऊ शकते आणि त्यातली एक सरळ, जोमदार फूट राखून नवे खोड बांधता येते.