फ्रेमखाली दडलेला बटवा

नागपूरच्या रामदासपेठेतल्या एक काकू मे महिन्यात माझ्याकडे मण्यांची पर्स घेऊन आल्या. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पर्स धुऊन हवी होती आणि तिचं वय कागदावर लिहून हवं होतं. "सासूबाई सांगायच्या, एम्प्रेस मिल सुरू झाली त्या साली एका मडमेनं त्यांच्या आजेसासऱ्यांना दिली. दीडशे वर्षं होतच आली न ताई?" एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. म्हणजे घरातल्या आठवणीला निदान एक नेमकी तारीख होती, आणि तिच्याशी वस्तू ताडून पाहता येणार होती.

धुवायला मी तिथेच नकार दिला. त्याचं कारण पुढे येईलच.

अशी पर्स टेबलावर आली की नजर आधी फ्रेमवर जाते. माझीही गेली. 13 सेंटीमीटर रुंदीची, ठशाने वेलबुट्टी उठवलेली पांढऱ्या धातूची फ्रेम, वर दोन गोळ्या एकमेकींवरून सरकून बंद होणारा खटका आणि बारीक साखळी. काकूंची समजूत फ्रेम चांदीची आहे अशी होती. पितळी-हिरवट झाक मात्र वेगळंच सांगत होती, खासकरून खटक्यापाशी, जिथे बोट घासून घासून वरचा थर गेला होता. ॲसिडचा थेंब टाकायची गरजच पडली नाही. आतल्या कडेला, अस्तराच्या शिवणीखाली निम्मी झाकलेली इंग्रजी अक्षरं भिंगातून वाचता आली : जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी या धातूत चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. अशा ठसा मारलेल्या फ्रेमा 19व्या शतकाच्या शेवटापासून 1920च्या दशकापर्यंत भरपूर निघत होत्या.

अस्तर फिकट पिवळसर गुलाबी, चकाकणारं. शिवणीच्या आतल्या दाबातून अर्धा सेंटीमीटर धागा काढून चिमट्यात धरून जाळला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि टोकाला काळी, चुरडणारी गुठळी राहते. नायलॉन वितळतं. इथे कागद जळल्याचा वास आला आणि मऊ करडी राख उरली. सुतीही असंच जळतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये. भिंगाखाली सुताचे तंतू तोकडे आणि पिळलेले दिसतात, हे तंतू लांब, सलग आणि काचेसारखे चमकणारे होते. म्हणजे नकली रेशीम, आपण ज्याला आर्ट सिल्क म्हणतो ते. ते 20व्या शतकाच्या पहिल्या दशकानंतरच बाजारात रुळलं. 1877 साली हे अस्तर असूच शकत नव्हतं.

इथे थांबले असते तर कागदावर "1910 ते 1930" लिहून मोकळी झाले असते, आणि ते चुकलं असतं. फ्रेम बदलता येते, अस्तर तर हमखास बदललेलं असतं. पर्सचं वय तिच्या अंगात असतं, म्हणजे मणी कोणते आणि ते एकमेकांना कसे धरून आहेत यात.

शेजारणीने काकूंना हे गुजराती मोतीभरत आहे असं सांगितलं होतं. ती शंका रास्त होती, कारण सौराष्ट्रातल्या त्या कामातही मागे कापड नसतं आणि तिकडेही व्हेनिसचे मणी समुद्रमार्गे येत असत. पण तिथे तीन-तीन मण्यांची जाळी सुईने गुंफतात, मणी बरेच जाड असतात आणि पांढऱ्या जमिनीवर हत्ती, मोर, बाहुल्या येतात. आपल्या रुखवतातलं मण्यांचं काम त्याहून सहज ओळखू येतं, कारण ते बहुतेक तंगुसावर असतं आणि नायलॉन बाजारात आलं तेच मुळी 1930च्या दशकाच्या अखेरीस.

मण्यांची वीण ओळखायला भोकाची दिशा बघायची. मागावर विणलेल्या कामात मणी चौकटीच्या वहीसारखे सरळ बसतात, भोकं आडवी असतात आणि दोन मण्यांमधून उभा ताणा दिसतो. आरीचं, म्हणजे आकड्याच्या सुईचं काम असेल तर मागे कापड आणि कापडावर सलग साखळी टाका असतो. त्याचं एक टोक सुटलं की अख्खी ओळ ओघळते. क्रोशाच्या कामात आतून खांबांच्या गच्च ओळी दिसतात. काकूंच्या पर्समध्ये यातलं काहीच नव्हतं. प्रत्येक मणी एकाच अंगाला कललेला होता आणि पर्स हातावर घेतली की पाण्यासारखी पसरत होती. अस्तराची बाजूची शिवण 6 सेंटीमीटर उसवून टॉर्च आत धरला, तेव्हा उलट टाक्यांचे बारीक फुगवटे ओळीने दिसले. म्हणजे सुयांवरचं विणकाम, तेही गोल, मोज्यासारखं.

या विणकामात मणी नंतर लावत नाहीत. नमुन्याच्या कागदावरून एकेक घर वाचत सगळे मणी आधी रेशमी दोऱ्यात ओवतात आणि मग दर टाक्याला एक मणी पुढे सरकवत विणतात. जो मणी शेवटी ओवला तो सर्वांत आधी विणला जातो, म्हणून नमुना उलटा वाचावा लागतो. ओवताना एक मणी चुकला की पुढची सगळी फेरी सरकते. जास्तीचा मणी चिमट्याने फोडून टाकता येतो, पण कमी पडला तर दोरा तोडून गाठ मारण्यावाचून इलाज नाही. आत अशा गाठी मी 11 मोजल्या. आणि पुढच्या बाजूला, गुलाबाच्या तिसऱ्या पाकळीत, एक हिरवा मणी तसाच राहिला होता. कुणाच्या तरी हाताने तो ओवला आणि पुढच्या फेऱ्या बरोबर बसताहेत म्हणून सोडून दिला.

मणी काढून मोजता येत नाहीत, म्हणून पोलादी पट्टी धरून 1 सेंटीमीटरमध्ये किती बसतात ते पाहिलं. आडवे 9 आणि उभ्या ओळीही 9. म्हणजे एक मणी जेमतेम 1 मिलिमीटरचा. मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी बारीक. आज इतवारीच्या बाजारात सर्रास मिळतो तो 11 नंबर सुमारे 2 मिलिमीटरचा आणि सहज मिळणारा सर्वांत बारीक 15 नंबर दीड मिलिमीटरचा असतो. हा त्याच्या कितीतरी खालचा, 20च्या आसपासचा. घेर 28 सेंटीमीटर, म्हणजे एका फेरीत 252 टाके. उंची 17 सेंटीमीटर. सगळे मिळून सुमारे 38 हजार मणी! गुलाबांचा पट्टा एका फेरीत 6 वेळा येतो, दर वेळी 42 टाक्यांचा, आणि तो कुठेही तुटत नाही. बर्लिनमध्ये 19व्या शतकाच्या सुरुवातीपासून चौकटीच्या कागदावर छापून हाताने रंगवलेले असे फुलांचे नमुने विकले जात. हा पट्टा त्याच वळणाचा आहे.

तरीही बारीक मणी हा एकटा पुरावा मला पुरत नाही, कारण जुन्या नमुन्यांवरून हौसेने असं विणकाम पुढेही होत राहिलं. खरा प्रश्न असा होता की ही पिशवी फ्रेमसाठीच विणली होती का. फ्रेमसाठी विणलेल्या पिशवीत वरच्या भागात काम दोन पाख्यांत वेगळं होतं, टाके घटवत फ्रेमच्या आकाराला येतं आणि त्या कडा बंद असतात. म्हणून फ्रेमखालची कड पाहणं भाग होतं. काकूंची परवानगी घेऊन एका बाजूची फ्रेमची शिवण 4 सेंटीमीटर सोडवली.

कड कापलेली होती. टाके मधोमध कात्रीने छाटून त्यावर जाड सुती दोऱ्याने काजं करतात तसे टाके घातले होते. आणि फ्रेमच्या आत, दुमडून दाबलेली, बिनमण्यांची रेशमी विणीची अडीच सेंटीमीटरची पट्टी निघाली. तिच्यात ठरावीक अंतरावर भोकं होती. एका भोकात फितीचे दोन-चार धागे अजून अडकलेले होते.

"काकू, ही पर्स नव्हतीच. हा बटवा होता." काकू खुर्ची ओढून जवळ आल्या आणि भिंगातून बराच वेळ बघत राहिल्या.

18व्या शतकाच्या शेवटी युरोपात बायकांचे झगे अंगासरशी झाले, आतले खिसे गेले आणि हातात फितीने आवळायची पिशवी आली. गोल विणलेली, तळाशी टाके घटवत चांदणी केलेली, वर फितीची भोकं असलेली मण्यांची पिशवी ही 19व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातली ठरलेली घडण. काकूंच्या पिशवीच्या तळाला 6 पाकळ्यांची तशी चांदणी आहे, फक्त ती झालरीखाली झाकली गेली होती. दोऱ्याला बांधलेलं छोटं लोहचुंबक झालरीपाशी नेलं तर मणी खेचले गेले. पैलू पाडलेले पोलादी मणी. हे 1930च्या दशकापर्यंत बनत होते, त्यामुळे त्यावरून साल निघत नाही, पण झालर नंतरची हे नक्की, कारण तिचे टाके चांदणीवरून, मण्यांच्या मधून ओढले होते.

शेवटी खोली अंधारी करून नोटा तपासायचा अतिनील टॉर्च फिरवला. जुनं रेशीम आणि फ्रेमची शिवण मंद राहिली. झालरीचा एक भाग मात्र निळा-पांढरा लखलखला. दोऱ्याला चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास झाली, म्हणजे ती डागडुजी 1950च्या आसपासची किंवा नंतरची. साबणाच्या पावडरीतूनही ही चमक कापडात उतरते, पण तसं असतं तर अस्तरही चमकलं असतं.

आता धुण्याविषयी. गुलाबांतले जांभळे आणि काही निळे मणी बोटाला चिकट लागत होते. काकूंना वाटत होतं तेल सांडलंय. आम्ल-अल्कली ओळखायची ओलसर निर्देशक पट्टी टेकवली तर ती अल्कलीकडे झुकली. काही रंगांच्या काचेत क्षार जास्त आणि चुना कमी असतो. हवेतला ओलावा बसला की क्षार बाहेर झिरपतात, मण्याला घाम येतो, मग बारीक तडे जातात आणि त्या क्षाराने आतला रेशमी दोरा कुजतो. पर्स बैठकीतल्या शोकेसमध्ये होती आणि समोर मार्चपासून जूनपर्यंत कूलर चालतो. बाहेर 45 अंशांची कोरडी हवा, आत कूलरची दमट हवा, आणि लगेच पुढे पावसाळा. रिठ्याच्या पाण्यात बुडवली असती तर पोलादी मणी गंजले असते आणि भिजलेल्या 38 हजार मण्यांचं वजन जुन्या दोऱ्यावर आलं असतं. मी फक्त चिकट मणी पुसले. निम्मं अल्कोहोल, निम्मं शुद्ध पाणी, कापसाचा बोळा जवळजवळ कोरडा, आणि आधी आतल्या बाजूला रंग सुटत नाही ना ते पाहून.

कागदावर लिहिलं : पिशवी युरोपीय, मण्यांचं गोल विणकाम, अंदाजे 1820 ते 1850. फ्रेम, अस्तर आणि झालर नंतरची, अस्तर 1910 ते 1930च्या दरम्यानचं. झालरीची दुरुस्ती 1950 नंतरची. 1877च्या भेटीबद्दल काकूंना सांगितलं की पिशवी त्या साली जुनीच होती, त्यामुळे मडमेनं दिली असेल तर वापरातली दिली असेल, आणि फ्रेम बहुधा पुढे या घरातच बसली. काकूंनी विचारलं, "मग फ्रेम काढून परत बटवा करता येईल न?" मी नको म्हटलं. कापलेल्या कडा फ्रेमच्या आधारावरच टिकून आहेत, ती निघाली की ओळी सुटतील. फ्रेम राहू द्या, साखळीला धरून टांगू नका, आत बिनखळीच्या धुतलेल्या मलमलीची सैल गुंडाळी भरा, डांबरगोळी जवळ नको आणि खोली कूलर नसलेली.

अस्तर उसवलं तेव्हा खालच्या कोपऱ्यातून सुटे मणी निघाले होते. 41. त्यात 9 जांभळे. ते झाकणाच्या छोट्या काचेच्या डबीत घालून, डबीवर तारीख लिहून काकूंच्या हातात दिले, कारण या मापाचा, या रंगाचा मणी दुसरीकडे मिळणार नाही.