तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा बोटीला रडार कशाला?

प्रश्न नेहमी दोन हप्त्यांत येतो. आधी, 'तेहतीस फुटी शिडाच्या बोटीला रडार कशाला?' त्याला काहीतरी उत्तर दिलं की दुसरा हप्ता: 'बरं, लावलंत. पण त्यासाठी या वयात स्वतः डोलकाठीवर चढायचं? माणसं मिळत नाहीत का?' विचारणारे बहुतेक जण बोटीवर येऊन चहा पिऊन गेलेले आहेत, त्यामुळे बोट कोणती, कुठे नांगरलेली असते हे इथे सांगत बसत नाही. आजवर 'हौस' एवढंच म्हणून मी सुटका करून घेत आलो. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. तेव्हा एकदाच सविस्तर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी माझ्याशीच भांडावं लागतं. कारण हा प्रश्न पूर्वी मी इतरांना विचारायचो. रडार म्हणजे पैसेवाल्यांचं खेळणं, डोळे-कान उघडे ठेवले की झालं, कोळी पिढ्यान्‌पिढ्या जातायत त्यांच्याकडे कुठे असतं, हे सगळं मी क्लबात टेबलावर थाप मारून बोललेलो आहे. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियमही तोंडावर फेकायचो: पहारा नजरेने आणि कानाने ठेवायचा. त्याच वाक्यात पुढे 'आणि उपलब्ध असलेल्या सगळ्या साधनांनी' असंही आहे. तिथवर मी कधी पोचायचो नाही. कोळ्यांचं म्हणाल तर, तांडेलाची, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाची, नजर उसनी मिळत नाही. डोल जाळ्यांचे खुंट कुठे आहेत, अमावस्येच्या उधाणाला पाणी कुठल्या बाजूने ओढतं, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याने रडारशिवाय जावं. मी शनिवार-रविवारचा खलाशी.

'फोनवर सगळी जहाजं दिसतात की!' हो, दिसतात. जी स्वतःहून आपला ठावठिकाणा सांगतात ती दिसतात. जहाजं रेडिओवरून आपला ठावठिकाणा कळवतात ती एआयएस यंत्रणा म्हणजे हजेरीपट आहे, 'हजर' म्हणणाऱ्यांचीच नोंद. न्हावा-शेव्याला येणारं कंटेनरचं जहाज त्यात असतं. विजयदुर्गाबाहेर दिवा विझवून जाळं ओढत बसलेली लाकडी होडी बहुतेक वेळा नसते. रडार कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही, ते स्वतः रेडिओची लाट सोडतं आणि परत आलेली मोजतं. हे पटायला मला फार वर्षं लागली, पण पटलं, आणि एका पावसाळ्यात बोट यार्डात वर काढलेली असताना डोम, म्हणजे रडारचा अँटेना बसवलेला गोल डबा, घेतला. अठरा इंची, सहा मीटर उंचीवर, डोलकाठीच्या पुढच्या अंगाला.

बसवला मी नाही. यार्डाने त्यांच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला, बिल दिलं, मी भरलं. पडदा सुरू केला, समोरचा किनारा पिवळ्या रंगात उमटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे दुसऱ्या प्रश्नातला 'माणूस लावा' हा सल्ला मी पाळून झालेला आहे.

त्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यात बोट गोव्याहून मुंबईला आणत होतो. मी, भाचा आणि भावोजी. भावोजी म्हणजे ताईचे यजमान, उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, निवृत्तीनंतर माझ्या नादाने समुद्रावर यायला लागले. पडद्यासमोर त्यांच्याइतका शिस्तीत बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. दर दहा मिनिटांनी वहीत नोंद: वेळ, दिशा, अंतर.

मध्यरात्रीनंतर देवगडच्या बाहेर होतो, किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर. परतीचा पाऊस सह्याद्रीवर गडगडत होता आणि तो खाली समुद्रावर उतरेल असं वाटलं नव्हतं. उतरला. उजवीकडून, जमिनीकडून वारा आला तोच भिंतीसारखा. शीड आधीच निम्मं गुंडाळलेलं होतं, तरी बोट डावीकडे चांगलीच कलंडली. इंजिन सुरू केलं. पाऊस असा की हातातल्या बॅटरीचा झोत नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतही पोचेना. थोड्या वेळापूर्वी भावोजींनी खालून सांगितलं होतं, पुढे डाव्या हाताला दोन ठिपके आहेत, दोन मैल. मी वाऱ्यापासून सुटण्यासाठी बोट डावीकडे वळवणार होतो, म्हणून ओरडून विचारलं, 'ते दोघं कुठे आहेत?'

'काही नाही. मोकळं आहे.'

मी वळवली.

पुढचं वासाने कळलं. डिझेल आणि सुक्या मासळीचा वास पावसातही आला, मग इंजिनाचा धडधडाट, मग माणसांची ओरड आणि कुणीतरी थेट माझ्या डोळ्यांवर मारलेला टॉर्च. लाकडी ट्रॉलर इतका जवळ होता की त्याच्या कठड्याला बांधलेले टायर मोजता आले असते. मी सुकाणू पूर्ण फिरवलं, धडक चुकली, आणि त्याच्या मागच्या जाळ्यात आमच्या बोटीचा पाण्याखालचा पंखा गेला. इंजिन गुरगुरून बंद पडलं. उजाडेपर्यंत दोन्ही बोटी एकाच जाळ्याला बांधल्यासारख्या वाहत राहिल्या. पाऊस अर्ध्या तासात थांबला होता. नंतर आकाशात चांदण्या, आणि आमच्यात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

पहाटे त्यांच्यातलाच एक पोरगा तोंडात सुरी धरून पाण्यात उतरला आणि पंखा मोकळा करून दिला. तांडेल शिव्या देईल म्हणून मी तयारीत होतो. त्याने फाटलेल्या जाळ्याचा हिशेब केला, मी होते ते पैसे दिले, उरलेले देवगडात द्यायचं ठरलं. मग त्याने डोलकाठीवरच्या पांढऱ्या डोमकडे बोट दाखवलं. 'येवढा मशीन लावलात, आणि आमी दिसलव नाय?' खोचून नव्हता बोलत. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीच बोललो नाही. भावोजी वही घेऊन खाली गेले.

देवगडच्या खाडीत नांगर टाकल्यावर भावोजींनी मल्टिमीटर मागितला आणि तळातल्या फळ्या उचलल्या. तासाभरात सापडलं. यार्डातल्या माणसाने डोमसाठी स्वतंत्र वायर ओढलीच नव्हती. डोलकाठीच्या पायथ्याशी तळातलं पाणी उपसणारा पंप आहे, त्याच्या वायरला त्याने जोड मारला होता. घरात छताच्या पंख्याला वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर, पिळून, वर काळी टेप. टेप सोलली तर आत तांबं हिरवं पडलेलं. बॅटरीवर १२.२ व्होल्ट. पंप बंद असताना डोमकडे ११.७ पोचत होते. पंप सुरू केला की १०.३. आमच्या डोमला १०.८ च्या खाली चालता येत नाही, तो बंद होतो आणि पुन्हा उभा राहायला मिनिटभर तरी घेतो.

आता साखळी बघा. केबलसाठी डोलकाठीला पाडलेलं भोक त्याने बुजवलं नव्हतं. जोराचा पाऊस आला की पाणी डोलकाठीच्या आतून थेट तळात उतरायचं. पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू. पंप सुरू की रडार बंद. म्हणजे मोठ्या पावसात हे रडार चालूच शकत नव्हतं, आणि यार्डात ज्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या त्या दिवशी ऊन होतं.

भावोजींना यापेक्षा वेगळीच गोष्ट लागली. नकाशावर रडारचं चित्र चढवून बघत असाल, तर रडार गेल्यावर नकाशा तसाच राहतो. फक्त ठिपके जातात. वर कोपऱ्यात एक बारीक पट्टी येते आणि एक 'पिंग' आवाज होतो, जो इंजिन, पंप आणि पावसात कुणालाच ऐकू आला नाही. 'आमच्याकडे सिग्नल बिघडला की लाल होतो,' ते म्हणाले. 'वायर तुटू दे, वीज जाऊ दे, लालच होतो. हे तुझं यंत्र बिघडलं की हिरवं होतं.' मुंबईत उतरल्यावर त्यांनी वही माझ्याकडे ठेवायला दिली. त्यानंतर ते बोटीवर आलेले नाहीत. ताई म्हणते गुडघे दुखतात.

मी त्यांना अनेकदा सांगितलंय की दोष वायरचा. ते ऐकून घेतात. त्यांचं म्हणणं, ठिपके पावसाच्या पिवळ्या पसाऱ्यात बुडाले असतील असं त्यांना वाटलं होतं, आणि तरीही तोंडातून 'मोकळं आहे' गेलं. खरं सांगायचं तर वायर ठीक असती तरी ते दोन ठिपके दिसले असतेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. रडारची तीन सेंटिमीटरची लाट पावसाच्या थेंबांवरूनही परत येते. आणि डोमचा झोत उभ्यात साधारण २५ अंशांचा, म्हणजे वर साडेबारा, खाली साडेबारा. बोट वीस अंश कलंडली की एका अंगाला रडार आभाळ बघतं, दुसऱ्या अंगाला पाणी. आम्ही डावीकडे कलंडलो होतो. ट्रॉलर डावीकडे होता.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. त्या हिवाळ्यात मी सगळी वायरिंग उपटली. पॅनेलवर डोमसाठी वेगळा ब्रेकर, तिथून डोलकाठीपर्यंत टिनचा मुलामा असलेली चार चौरस मिलिमीटरची वायर. अंतर नऊ मीटर, पण वीज जाते आणि येते, म्हणून हिशेब अठरा मीटरचा. बारा व्होल्टमध्ये तीन टक्क्यांहून जास्त गळती नको, म्हणजे ०.३६ व्होल्ट. दोन अँपिअरला माझी ०.१७ निघाली. धन-ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या, नाहीतर त्यांच्या चुंबकत्वाने जवळचा होकायंत्राचा सेन्सर भरकटतो. जोड पिळून नाही, क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी. डोलकाठीत आधी बारीक दोरी सोडली, तिच्यामागे केबल ओढली. भोकाला रबरी कडं बसवलं, कारण ॲल्युमिनियमच्या कडेने केबलचं आवरण कापायला सुरुवात झाली होती. केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली झोल दिला, म्हणजे पाणी आत न जाता तिथून टपकतं. हे करायला पाळण्यात बसून सहा मीटर वर जावं लागतं आणि मला उंचीची भीती वाटते. वर हात कापतात, खाली कुणाला सांगत नाही.

हे काम एखादा चांगला माणूस माझ्यापेक्षा नीट करेल? नक्की करेल. पण भर समुद्रात रात्री तो नसतो, मी असतो, आणि फळी उचलल्यावर कुठली तार कुठे जाते हे मला अंधारात माहीत पाहिजे. तुम्ही याला खूळ म्हणा.

रडारची दिशा जुळवायला मुंबई बंदराच्या तोंडाशी संक रॉकच्या दीपगृहाकडे नाळ धरून उभा राहिलो. पडद्यावर दीपगृह चार अंश बाजूला. चार अंश म्हणजे काय मोठंसं, असं भाचा म्हणाला. तीन सागरी मैलांवर ते जवळजवळ ३९० मीटर होतात.

तर आता रडार नीट चालतं. आणि त्याचा अर्थ काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या डोमचा झोत आडव्यात पाच अंशांचा. एका मैलावर तो एकशेसाठ मीटर रुंद होतो, तेवढ्यात शेजारी दोन होड्या असल्या तर एकच ठिपका दिसतो आणि मध्ये जाळं असेल तर तेही त्या ठिपक्यात. थर्मोकोलचे बुचे आणि बावटे जवळजवळ दिसतच नाहीत. डोलकाठीच्या सावलीत मागची एक फाक आंधळी, आणि भरधाव जहाजं नेमकी मागून येतात. १९५६ साली अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात 'आंद्रेआ डोरिआ' आणि 'स्टॉकहोम' या प्रवासी बोटी एकमेकींवर आदळल्या तेव्हा दोघींवर रडार सुरू होतं, दोघी एकमेकींना पडद्यावर बघत होत्या. एक्कावन्न माणसं गेली. अपुऱ्या माहितीवरून, विशेषतः रडारच्या अपुऱ्या माहितीवरून निष्कर्ष काढू नका, असं सातव्या नियमात सांगितलंय. त्याच नियमात हेही आहे की रडार बसवलेलं आणि चालू असेल तर ते वापरलंच पाहिजे. दोन्ही एकदम कसं पाळायचं ते मला विचारू नका.

आणि एक गोष्ट क्लबात कबूल करणार नाही, इथे करतो. ज्या रात्री पूर्वी मी रत्नागिरीत नांगर टाकून झोपलो असतो, त्या रात्री आता निघतो. जुना मी, तो टेबलावर थापा मारणारा, तो झोपला असता. कोण जास्त सुरक्षित, याचा वाद आमच्यात चालू आहे.

भावोजींनी गेल्या दिवाळीत कागदावर एक सर्किट काढून पाठवलं. डोमकडचा व्होल्टेज ११ च्या खाली गेला की कर्कश बझर वाजतो. बझर बोटीच्या मुख्य बॅटरीवर नाही, स्वतःच्या छोट्या सेलवर, म्हणजे मुख्य वीज गेली तरी बोंबलणार. मी ते बसवलंय. अडचण अशी की इंजिन सुरू करताना स्टार्टर क्षणभर बॅटरी खाली ओढतो आणि बझर दर वेळी किंचाळतो, पाहुणे दचकतात, भाचा कान धरतो. पाच सेकंदांचा विलंब टाकला तर प्रश्न मिटेल. भावोजी फोनवर म्हणाले, टाकायचा नाही. मी म्हटलं, मग तुम्ही येऊन ऐका एकदा. त्यावर त्यांनी ताईला फोन दिला.