मोगरा, मिट्टी आणि आम्ही

आमचं दुकान मूळचं पूजासाहित्याचं. वडिलांच्या काळी उदबत्ती, कापूर, अष्टगंध आणि काउंटरच्या कोपऱ्यात हिना, गुलाब, मोगरा, खस एवढीच अत्तरं. लग्नसराईत कापसाचे फाये करून देताना वडिलांना जेवायला फुरसत नसे. धंदा माझ्याकडे आला तोवर फाया मागणारे म्हातारे झाले होते आणि त्यांची मुलं स्प्रे मागत होती. स्प्रे म्हटलं की स्पिरिट आलं आणि स्पिरिट म्हटलं की राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, नोंदवह्या, तपासणी. आमच्याएवढ्या दुकानाला ते झेपणारं नव्हतं. तेव्हा अत्तर तेलातलंच ठेवायचं, पण मिश्रण आपलं करायचं, असं ठरलं.

मागणी मोगऱ्याला, म्हणून सुरुवात मोगऱ्यापासून. पण नुसता मोगरा बाटलीत चांगला लागत नाही, हे माझं मत आजही कायम आहे. गजऱ्यात हिरवा देठ असतो, ओला दोरा असतो. बाटलीत राहते निव्वळ गोडी. तामिळनाडूतून येणाऱ्या मोगऱ्याच्या ॲब्सोल्यूटमध्ये, म्हणजे फुलांच्या घट्ट अर्कात, इंडोल नावाचं वासाचं द्रव्य असतं. थोडं असेल तर फूल जिवंत वाटतं, जास्त झालं की डांबरगोळीची आठवण येते. सोबत निशिगंध घातला तर वास इतका जड होतो की बंद खोलीत डोकं धरतं. खाली काहीतरी कोरडं, मातकट हवं होतं.

आधी वाळा घेतला. वाळा थंड, देखणा, पण दांडगा. तासाभरात मोगरा गायब आणि मागे कूलरची ताटी. नागरमोथा धुरकट निघाला. जम बसला तो उत्तर प्रदेशातल्या कन्नौजच्या मिट्टी अत्तराने, म्हणजे पावसात भिजलेल्या मातीच्या वासाच्या अत्तराने.

ते बघायला मी मुद्दाम ऐन उन्हाळ्यात गेलो, कारण हे काम पावसाआधीच्या कोरड्या दिवसांतलं. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, भरतात, पाणी ओततात, झाकणाची फट ओल्या मातीने लिंपतात. देगेतून बांबूचा चोंगा, म्हणजे नळी, निघून पाण्याच्या हौदात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यात, उतरतो आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ तिथे थंड होते, वास तेलात उतरतो, पाणी खाली काढून टाकतात. कारागिराकडे ना थर्मामीटर ना घड्याळ. हौदातल्या पाण्यात हात घालून तो भपका चाचपत होता आणि मधेच भट्टीतली लाकडं मागे ओढत होता. १९६४ साली बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पावसाच्या वासावर ‘नेचर’मध्ये लेख लिहिला, त्यातही या अत्तराचा उल्लेख आहे. कन्नौजवाले तो वास त्याच्या कितीतरी आधीपासून विकत होते.

मिट्टीचा वास मुळातच मंद. त्यामुळे मोगऱ्यात तिचे चार थेंब टाकून काही होत नाही; उलट मिट्टीत मोगरा घालावा लागतो. आमच्या मिश्रणात निम्म्याहून जास्त मिट्टी आहे, हे सांगितलं तर गिऱ्हाइकाला खरं वाटत नाही. निशिगंध अगदी नावाला, नागरमोथ्याचा जेमतेम स्पर्श. सगळं काट्यावर तोलून, कारण थेंब कधी सारखे पडत नाहीत. मग बाटल्या अंधाऱ्या कपाटात मुरायला. ताज्या मिश्रणात फूल आणि माती वेगवेगळी बोलतात. मुरल्यावर मोगरा आधी येतो आणि तो ओसरत असताना माती कधी आली ते कळत नाही.

चंदन महाग, म्हणून या धंद्यात पॅराफिनची भेसळ फार. एका व्यापाऱ्याने मिट्टी म्हणून पाठवलेला डबा उघडल्यावर वास बरोबर होता, पण काचेच्या नळीत स्पिरिट घालून हलवलं तर दूध झालं आणि थोड्या वेळाने तेल वेगळं बसलं. खरं चंदनतेल स्पिरिटात विरघळतं, पॅराफिन विरघळत नाही. डबा परत गेला, आगाऊ दिलेले पैसे मात्र आले नाहीत. तेव्हापासून नमुना तपासल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही.

आता गणपती आणि लग्नसराई सोडूनही हे अत्तर जातं, मुख्यतः तिशी-चाळिशीतल्या बायका नेतात. पुरुष आधी मनगटावर लावून बाहेर चक्कर मारतात, मग परत येतात. काहीजण मोगरा वाढवून मागतात. त्यांच्यासाठी साधा मोगरा वेगळा ठेवला आहे, किंमतही कमी आहे. या मिश्रणाचं प्रमाण आम्ही बदलत नाही.