पायाळू

काल दुपारी दोरीखाली पडलेला कपड्यांचा चिमटा उचलायला वाकले आणि कमरेत उसण भरली. गव्हाचं पोतं उचलताना भरली असती तर चारचौघांत सांगायला तरी बरं. चिमटा!

तशीच वाकलेली पलंगापर्यंत गेले. लेक म्हणाली, बर्फ लाव, पहिले दोन दिवस शेक अजिबात नको. मला तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची पुरचुंडी हवी होती. ज्या अमेरिकन डॉक्टरनं, गेब मर्किननं, १९७८ साली बर्फाचं ते सूत्र पुस्तकात मांडलं, त्यानंच पुढे बर्फानं बरं व्हायला उशीर लागतो असं कबूल केलं, हे मी तिला झोपल्या झोपल्या ऐकवलं. उसण भरलेल्या माणसाला वाचायला वेळच वेळ असतो.

खरं तर मला मीठही नको होतं. पायाळू माणूस हवं होतं, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेलं; त्याचा पाय पाठीला लागला की उसण जाते म्हणतात. आणि घरात पायाळू मी एकटीच.

वाईच्या आमच्या वाड्यात एरवी कुणाला चुकून पाय लागला तरी लगेच नमस्कार करायचा. पण कुणाची पाठ धरली की सकाळी सकाळी माझ्या नावानं हाक यायची. मी सात-आठ वर्षांची. एकदा गणिताचे गुरुजी आले. आदल्याच दिवशी त्यांनी माझा कान पिळला होता. ते ओसरीवर पालथे पडले. आजी म्हणाली, "हळू गं, तीनदाच." पहिल्या दोन वेळा मी आजीचं ऐकलं.

गुरुजी उठून बसले, "मोकळं वाटतंय" म्हणाले. खरंच वाटत होतं की चौथ्या लाथेची भीती, कोण जाणे. मग मी त्यांच्या पाया पडले, आजीनं हातावर खडीसाखर ठेवली. एवढा मान असून वळवाचं आभाळ गडगडलं की मात्र मला माजघरात कोंडायचे. पायाळूवर वीज पडते ना!

आता पायाळू मिळायचे कुठून? दिवस भरले तरी शंभरात तीन-चार मुलं पोटात उलटी असतातच, पण बहुतेकांचं सिझेरियन होतं. माझी लेकही उलटीच होती. तिला पायाळू धरायचं की नाही, हे विचारायला आजी नाही. रात्री म्हटलं, लावून तर बघ पाय. तिनं मोबाइलवरून नजर न काढता लावला. फरक शून्य.

आईनं मात्र माझा पाय कधी लावून घेतला नाही. विहिरीचं पाणी शेंदून तिची पाठ कायम धरलेली. मी पाय पुढे केला की म्हणायची, "नको गं बाई, तुझा पाय सगळ्यांच्या आधी मलाच लागलाय."

दोन रात्री अडली होती ती. हे मला फार नंतर मावशीकडून कळलं.