हक्कसोड

पत्र आलं तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन जिन्यातच उभी होते. जर्मन नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे, अमुक तारखेला सकाळी साडेनऊला या, पासपोर्ट आणि रहिवासाचं कार्ड सोबत आणा. दोन ओळींचं पत्र. वर्षभर मी याच पत्राची वाट पाहत होते, आणि ते हातात आल्यावर सगळ्यात आधी आठवलं ते सिंधुदुर्गातल्या आरोंद्याच्या घरी ओटीवर झालेलं एक बोलणं.

बाबा गेले त्या वर्षी वारसनोंद करायची होती. सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची एकतीस नावं, त्यात बाबांच्या जागी आई, दादा आणि मी. चुलतकाका आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाय, तू आता थयच ऱवतलस. हक्कसोड करून टाक, दादाक पुढे त्रास नको." वाईट मनाने नव्हते बोलले. आमच्याकडे लेकी हक्कसोड करतातच. २००५ पासून कायद्याने मुलीचा वाटा मुलाइतकाच झाला, तरी सही करून मोकळी होते तीच चांगली मुलगी. दादा आत होता. तो बाहेर आला आणि म्हणाला, "तिचा नाव ऱवतला." आणि राहिलं. अडीच एकर काजू, थोडी कलमं, पाणंदीला लागून एक पडीक तुकडा. त्यातला माझा वाटा किती गुंठे भरतो ते मी कधी मोजलं नाही. पण नाव आहे.

तेव्हा त्या काजूवरचं नाव सोडलं नाही, आणि आता देशावरचं सोडायला निघाले आहे. आपणहून, अर्ज करून, २५५ युरो फी भरून.

इथली मराठी मंडळी म्हणतात, अगं, फक्त कागद असतो तो. मला हे पटत नाही. सातबारासुद्धा कागदच असतो, आणि त्याच्यापायी तीन-तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवलेली घरं आपल्या प्रत्येकाच्या वाडीत आहेत. सोडायचं असेल तर सोडावं, पण जे सोडतोय त्याला क्षुल्लक म्हणून सोडू नये.

जर्मनीची यात काही आडकाठी नाही. २७ जून २०२४ पासून त्यांनी जुनं नागरिकत्व सोडायची अट काढून टाकली, आठ वर्षांच्या वास्तव्याची अट पाचवर आणली. तुर्कस्तानातून आलेली माझी सहकारी आता दोन्ही पासपोर्ट बाळगते. अडतं ते आपल्या बाजूला. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम स्पष्ट आहे: स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलंत की त्या क्षणी तुमचं भारतीय नागरिकत्व संपलं. साडेनऊला ते प्रमाणपत्र माझ्या हातात पडेल आणि तिथल्या खुर्चीवरून मी उठेन ती परदेशी म्हणून. मग पासपोर्ट परत करायचा, परदेशी झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढायचं. आयुष्यभर विसा नको, हवं तितकं राहा. मत मात्र नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. सावंतवाडीच्या वकिलांना फोन केला तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला ठाऊक नव्हतं. परदेशात राहते तोवर भारतीय पासपोर्टवरसुद्धा मला शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे नऊ वर्षं ज्या हक्काला कवटाळून बसले होते तो हातात नव्हताच. हातात होती ती कधीतरी परतण्याची शक्यता, आणि खरं म्हणजे सही त्या शक्यतेवर व्हायची आहे.

हा प्रश्न आमच्या घराला नवीन नाही. आरोंद्याहून तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. आता पूल आहे, मी लहान होते तेव्हा किरणपाणीला फेरीबोटीने जायचो. माझी मावशी पलीकडे पेडण्यात दिली. माणसं तीच, भाषा जवळजवळ तीच, पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्या काठावर पोर्तुगालचं राज्य होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. आमच्या गावावरून गेलेल्या सत्याग्रहींना माझ्या पणजीने पेज वाढली होती, असं आमच्याकडे सांगतात. मावशीचे यजमान १९६१ च्या आधी जन्मलेले, त्यामुळे पोर्तुगालच्या कायद्याने ते आणि त्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्व मागू शकतात. माझ्या मावसभावाने मागितलं. मी तेव्हा बारावीत होते. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांचा पासपोर्ट घेतोस? तो काही बोलला नाही. वर्षभरात तो इंग्लंडमध्ये स्विंडनला पोचला, गोदामात कामाला लागला आणि दोन बहिणींची लग्नं त्याने केली. मावशी वारली तेव्हा त्याचं ओसीआय झालेलं नव्हतं. विसा हातात येऊन तो घरी पोचला तो पाचव्या दिवशी. ज्या अंगणात तो वाढला तिथे यायला त्याला परवानगी मागावी लागली.

त्याची माफी मागायला हवी, मला कळतं. फोनवर दोनदा विषय काढला आणि पुढे जाता आलं नाही, कारण मनातून मी अजून स्वतःला त्याच्यापेक्षा वेगळी समजते. त्याने ज्या देशाचा पासपोर्ट घेतला तिथे तो एक महिनाही राहिला नाही. मी जिथे नऊ वर्षं राहिले, जिथली भाषा तोंडात बसवली, जिथे कर भरते, तिथलं नागरिकत्व घेते आहे. हा फरक खरा आहे. पण तो मला इतक्या वेळा स्वतःला सांगावा का लागतो, हेही खरं आहे.

आता जे लिहायचं होतं ते लिहिते.

मी राहते त्या इमारतीच्या दारासमोर फुटपाथमध्ये तळहातापेक्षा थोडा लहान असा पितळी चौकोन बसवलेला आहे. त्यावर कोरलंय: इथे राहत होती. मग एका बाईचं नाव, जन्मसाल, कोणत्या साली नेलं, कुठे मारलं. असे दगड गुंटर डेमनिग या कलाकाराने नव्वदच्या दशकात बसवायला सुरुवात केली, आणि आता युरोपभर एक लाखाहून जास्त आहेत. नाझींनी ज्यांना घरातून ओढून नेलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर एकेक. पहिली दोन वर्षं मी त्याच्यावरून सायकल नेत होते. मग एका ९ नोव्हेंबरला, थंडी मी म्हणत असताना, खालच्या मजल्यावरच्या आजी गुडघे टेकून तो दगड घासताना दिसल्या. हातात जुनं फडकं, शेजारी पितळ उजळायच्या मलमाची ट्यूब आणि एक मेणबत्ती. आपल्याकडे गणपतीच्या आधी समया घासतात ना, अगदी तसंच, कडेच्या खाचेतलं काळं नखाने काढत. मी मदत करू का विचारलं. त्यांनी दुसरं फडकं दिलं. त्यांच्या वडिलांनी त्याच युद्धात सैन्यात नोकरी केली होती, हे त्यांनी घासता घासताच सांगितलं. रडल्या नाहीत, समर्थनही केलं नाही. "हे आमचं आहे," एवढंच म्हणाल्या.

मी हे कुणाला सांगितलं की लगेच गावाकडून उत्तर येतं, केलेलं पाप फेडतायत, त्यात काय मोठं? मोठं आहे. केलेलं पाप स्वतःच्या दारात, रोज पाय पडेल असं कोरून ठेवणारे लोक मी आधी पाहिले नव्हते. आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वाड्या, पाणवठे, देवळाच्या पायरीवर थांबवलेली माणसं मला आठवली. आमच्या गावात असं कुणाच्या दारात काही कोरलेलं नाही. आणि तरी, इथल्या कुणी आपल्या जातीव्यवस्थेबद्दल चार वाक्यं वाचून मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे बोलायचा अधिकार माझा आहे, त्यांचा नाही. साडेनऊ वाजून गेल्यावर हा अधिकार माझ्याकडे उरेल का, हे मला कुणी सांगू शकत नाही.

नव्या कायद्यात नागरिकत्व घेणाऱ्याला एका निवेदनावर सही करावी लागते: नाझी राजवटीच्या अत्याचारांबद्दल जर्मनीवर असलेली ऐतिहासिक जबाबदारी, विशेषतः ज्यूंच्या जीविताचं रक्षण, मी मान्य करते. परीक्षेच्या ३३ प्रश्नांपैकी १७ बरोबर आले की पास, ती मी हसत दिली. या सहीपाशी मात्र पेन थांबलं. म्हणजे नुसते रस्ते, दवाखाने आणि पासपोर्ट नाही मिळत, त्यांचं पापही वाटणीला येतं. वारसा असाच असतो, जमीन आणि कर्ज दोन्ही. मला ते आवडलं. फायद्यापुरतं ये असं न सांगता घरातलं सगळं उघडून दाखवणाऱ्यांकडे जायला मन धजतं.

आणखी एक गोष्ट. नाझींनी १९४१ च्या नोव्हेंबरमध्ये एका फर्मानाने देशाबाहेर असलेल्या ज्यूंचं नागरिकत्व एकदम रद्द केलं. म्हणून आजच्या जर्मन संविधानाच्या सोळाव्या कलमात लिहिलंय की नागरिकत्व हिरावून घेता येणार नाही, आणि एकशे सोळाव्यात, ज्यांचं असं हिरावलं त्यांना व त्यांच्या वंशजांना ते परत मागता येईल. ज्यांनी तो कागद गमावला त्यांतल्या कित्येकांनी जीवही गमावला. "फक्त कागद आहे गं" म्हणणाऱ्यांना मी त्या दगडापाशी घेऊन जाते.

मग मी हे का करते आहे? मतासाठी. २३ फेब्रुवारी २०२५ ला इथे संसदेची निवडणूक झाली आणि आमच्यासारख्यांना परत पाठवा म्हणणाऱ्या पक्षाला २०.८ टक्के मतं पडली. त्या रात्री मी टीव्हीसमोर बसून होते. माझ्या भविष्याबद्दल सगळे मत देत होते, मी सोडून. गावी मला मत आहे. २०१० च्या दुरुस्तीने परदेशातल्या भारतीयांना नाव नोंदवता येतं, पण मतदान करायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. ७ मे २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान झालं तेव्हा दादाने बोटावरच्या शाईचा फोटो पाठवला. मी तेव्हा ऑफिसात होते. जिथे मत आहे तिथे मी नाही, आणि जिथे मी आहे तिथे मत नाही, असं किती वर्षं काढायचं?

आमच्या आळीतले दोघे-तिघे कुवेत आणि दुबईला तीस-तीस वर्षं राहून आले. त्यांना हा पेच पडला नाही, कारण तिथे कुणी नागरिकत्व विचारतच नाही. नोकरी संपली की विसा संपला. त्यांचं भारतीयपण शाबूत राहिलं, आणि त्या तीस वर्षांत एकदाही मोठ्याने तक्रार करायची सोय नव्हती. त्यांच्यापुढे माझा पेच म्हणजे चैन आहे, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

शेवटी आईला फोन केला. सगळं सांगितलं, ओसीआय म्हणजे काय तेही. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे माहेरवाशीण. येवचा, ऱवाचा, गौरीक ओवसो घेवचो. घरातल्या गोष्टीत बोलाचा नाय."

हो, असंच, मी म्हटलं.

"माझा लगीन झाला तेव्हा माझा नाव बदलला, गाव बदललो, देव बदललो. माका कोणी इचारल्यान, तुझो जीव खय आसा म्हणान? तुका निदान इचारतत तरी."

मला बोलता येईना. आई एकोणिसाव्या वर्षी आरोंद्यात आली, आणि आज गावच्या देवळात तिच्या शब्दाला मान आहे. पण अजूनही झोपेत तिच्या तोंडून येतात ती तिच्या माहेरच्या, वेतोऱ्याच्या माणसांची नावं. मी लहानपणी शेजारी झोपून ऐकली आहेत.

बाबांची एक पत्र्याची ट्रंक माजघरात आहे. त्यात आजोबांचं गिरणीतलं ओळखपत्र आहे, ज्या गिरणीच्या जागी आता टॉवर उभा आहे. बाबांच्या पहिल्या रेशनकार्डाचा जीर्ण तुकडा आहे, मनीऑर्डरच्या पावत्या आहेत. यातलं काहीच आता कुठल्या कचेरीत चालत नाही. आई दर पावसाळ्यानंतर सगळं उन्हात घालते आणि परत लावून ठेवते.

"तो पासपोर्ट," ती म्हणाली, "तो लोक ठेवन घेतत काय परत देतत?"

रद्दचा शिक्का मारून परत देतात, मी म्हटलं.

"मग तो हय पाठव. ट्रंकेत ठेवतंय."