आमची वाटचाल: वापरलेली स्पोर्ट्‌स कार पारखण्याचा व्यवसाय

आमच्या व्यवसायाचे पहिले बिल 4,000 रुपयांचे होते आणि ते 'ही गाडी घेऊ नये' एवढे लेखी सांगण्यासाठी आकारलेले होते. 2014 सालच्या पावसाळ्यात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही एक गाळा भाड्याने घेतला, त्यात दोन खांबांची लिफ्ट बसवली आणि महागड्या स्पोर्ट्‌स कार जुन्या बाजारातून घेण्यापूर्वी तपासून देण्याचे काम सुरू केले. त्याआधी मी 11 वर्षे जर्मन गाड्यांच्या एका अधिकृत कार्यशाळेत नोकरी केली होती, तर माझे भागीदार, जे नात्याने माझे मावसभाऊ आहेत, ते अपघातग्रस्त वाहनांचे विमा सर्वेक्षण करीत असत. गाड्या विकायच्या नाहीत, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले होते. ज्याच्या दारात स्वतःची गाडी विक्रीला उभी आहे, त्याने दुसऱ्याच्या गाडीविषयी दिलेले मत ग्राहकाने का मानावे, याचे उत्तर आम्हालाच सापडत नव्हते.

या निर्णयाची किंमत पहिली दोन वर्षे मोजावी लागली. आमच्याकडे गाडी गेली की सौदा मोडतो, असा बोभाटा दलालांमध्ये झाला. त्यांच्यापैकी काहींनी सौद्यामागे वाटा देऊ केला, तो आम्ही नाकारला, आणि मग भाडे भरण्यासाठी साध्या गाड्यांच्या एसीची कामेही केली. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आमची मोठी चूक 2016 सालची आहे. नाशिकच्या एका डॉक्टरांनी बीएमडब्ल्यू झेड4 तपासायला आणली. ही गाडी म्हणजे धातूचे दुमडणारे छप्पर असलेली पिढी, आणि ते छप्पर आम्ही वीस वेळा उघडून-मिटून पाहिले, इंजिन पाहिले, रंगाची जाडी मोजली आणि 'उत्तम' असा शेरा दिला. गाडीचे पासिंग पुदुच्चेरीचे होते. कागद पाहणे हे आमचे काम नाही, अशी तेव्हा आमची समजूत होती. दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायचे असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार इथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्या वेळी महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, जो परदेशातून तयार आलेल्या गाड्यांना चढ्या दराने लागतो. त्यात भर म्हणजे आधीच्या मालकाने कर्ज फेडले होते, पण बँकेचा बोजा नोंदणीपुस्तकावरून उतरवलेला नव्हता. डॉक्टरांचे सात महिने त्यात गेले. आम्ही शुल्क परत केले, त्यांनी ते शांतपणे घेतले, आणि ती शांतता आम्हाला रागावण्यापेक्षा जड गेली. तेव्हापासून नमुना 28, 29, 30 आणि 35 (ना हरकत, मालकीबदल आणि बोजा उतरवणे यांचे सरकारी अर्ज), आधीच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि आयात झालेल्या गाडीची सीमाशुल्काची कागदपत्रे पाहिल्याशिवाय गाडी लिफ्टवर चढत नाही.

आमची कार्यपद्धती खऱ्या अर्थाने घडवली ती कोल्हापूरच्या एका फाउंड्रीमालकांनी. शिरोलीला त्यांचा ओतकामाचा कारखाना आहे. 2019 च्या दिवाळीनंतर ते तीन गाड्यांची नावे घेऊन आले: 2006 ची पोर्शे 911 कॅरेरा एस, 2009 ची ऑडी आर8 आणि 2014 ची पोर्शे केमन. तिन्हींच्या मागणीच्या किमती जवळपास सारख्याच होत्या, आणि त्यांचे मन आधीच 911 वर बसलेले होते. तिचे पासिंग महाराष्ट्राचे, मालक दोनच, आणि मीटर 38,000 किलोमीटर दाखवत होते.

त्या पिढीच्या 3.8 लिटर इंजिनाचे एक दुखणे जगभरच्या कारागिरांना ठाऊक आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरची भिंत स्वतंत्र लोखंडी नळीने नव्हे, तर सिलिकॉनयुक्त थराने बनवलेली असते, आणि कालांतराने पिस्टनच्या घर्षणाने त्या भिंतीवर उभे ओरखडे पडू शकतात. तेल जास्त खाणे, गरम झाल्यावर टिकटिक आवाज आणि एका बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडावर अधिक काजळी ही त्याची लक्षणे. आम्ही स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकावरचा कॅमेरा, आत सोडला. सहाव्या सिलिंडरमध्ये चार ओरखडे स्पष्ट दिसले. फाउंड्रीमालकांनी पडद्यावरचे चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हे ओतकामातलं दुखणं आहे साहेब, घासून जायचं नाही." आयुष्यभर धातू ओतलेल्या माणसाला आम्ही आणखी काय समजावणार होतो? पोर्शेने 2009 च्या मॉडेलपासून 911 मध्ये नवे इंजिन दिले, ज्यात आधीच्या इंजिनांतले बदनाम झालेले इंटरमीडिएट शाफ्टचे (इंजिनातल्या एका जोडदांड्याचे) बेअरिंगही राहिले नाही. म्हणूनच या गाडीत नावापेक्षा निर्मितीचे वर्ष आधी पाहावे, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

आर8 ची गोष्ट निराळी. तिचे 4.2 लिटरचे व्ही8 इंजिन भक्कम आहे, पण ती विशिष्ट गाडी आर-ट्रॉनिक गिअरबॉक्सची होती. हा मुळात एकाच क्लचचा मॅन्युअल गिअरबॉक्स असून क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. मुंबईच्या वाहतुकीत इंचाइंचाने सरकताना तो क्लच झिजतो. नंतरच्या सुधारित आर8 मध्ये ऑडीने त्याजागी दुहेरी क्लचचा एस-ट्रॉनिक दिला. शिवाय आर8 चा सांगाडा ॲल्युमिनियमचा असल्याने रंगाची जाडी मोजायला लोहेतर धातूंवर चालणारे मापक लागते. साध्या चुंबकी मापकाने तपासलेला अहवाल विक्रेत्याने दाखवला, तर तो हसून बाजूला ठेवावा. आमच्या मापकावर उजव्या मागच्या पॅनेलचे आकडे 400 मायक्रॉनच्या वर गेले, जेव्हा उरलेली गाडी 120 च्या आसपास होती. तिथे काम झाले होते, आणि विक्रेता ते नाकारत होता.

राहिली केमन. मागणी करताना त्यांनी तिला 'तिसरी' म्हटले होते. 2.7 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, दुहेरी क्लचचा पीडीके गिअरबॉक्स, सेवेच्या सगळ्या पावत्या आणि एकच मालक. पुढच्या बंपरच्या जाळीमागे रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर असतो, तिथे पाने आणि चिखल साचून पावसाळ्यानंतर धातू सडतो. विजेरीच्या उजेडात पाहिले, तर फक्त वाळलेली पाने होती. टायर मात्र बदलावे लागणार होते. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि त्यावर 1114 होते, म्हणजे 2014 च्या मार्च महिन्यातले. नक्षी शाबूत होती, रबर कडक झाले होते. कमी चाललेल्या गाडीची ही खास खूण आहे, आणि कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी या समजुतीवर आमचा अर्धा व्यवसाय चालतो.

त्यांच्या कारखान्याच्या रस्त्यावर सात गतिरोधक आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा असे सांगितले आहे, पण गावोगावी डांबराचे जे अरुंद उंचवटे घातले जातात त्यांना हे माप लागू करणे व्यर्थ आहे. म्हणून आम्ही गाडी घेऊन शिरोलीला गेलो आणि सातही गतिरोधक तिरके चढून पाहिले. एका ठिकाणी पोटाला घसटले. त्यांनी दुसऱ्या दिवशी तो गतिरोधक आपल्या खर्चाने नीट करून घेतला, ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन, असे ते ठासून सांगतात. केमन त्यांनी घेतली. पुढच्या खर्चासाठी त्यांनी काही पैसे वेगळ्या खात्यात ठेवले, कारण आम्ही अहवालात किमतीच्या खाली 'पहिल्या दोन वर्षांचा संभाव्य खर्च' ही नवी ओळ त्यांच्यासाठीच घातली होती. आता ती प्रत्येक अहवालात असते.

अलीकडे एक नवा प्रश्न रोज विचारला जातो तो इथेनॉलचा. पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आल्यापासून आम्ही जुन्या गाडीच्या इंधननळ्या आणि सील स्वतंत्रपणे तपासतो आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत मुभा आहे ते अहवालात उतरवून देतो.

मॅन्युअल गिअरबॉक्सची जुनी आर8 मिळाली तर घ्यावी की नाही, यावर मात्र आम्हा दोघांचे अजून जमलेले नाही. माझ्या मते ती घ्यावी, कारण तिच्या क्लचवर मालकाच्या पायाचा ताबा असतो. मावसभाऊ म्हणतात की अपघातानंतर तिच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे काम नीट करून देणारे कारागीर फार थोडे आहेत आणि विम्याचे दावे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहेत. अशी गाडी आली की अहवालात दोघांची मते शेजारी-शेजारी छापली जातात आणि खाली दोन सह्या असतात.